सुटाबुटातला मूर्खपणा

मूर्खपणाच्या बाबतीत मराठी भाषा कधीच गरीब नव्हती. खुळा, बावळट, ठोंब्या, शंख, टोणगा, अकलेचा कांदा ही सगळी यादी कोणत्याही घरात, चिरंजीवांचं प्रगतिपुस्तक हाती पडल्यावर पाच मिनिटांत तोंडी मिळते. समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खाच्या लक्षणांना दिला आणि दहावा पढतमूर्खाला. म्हणजे बिनशिकलेले आणि पदवीधर अशा दोघांचीही सोय लावली. विदर्भात यात आणखी भर पडते. नागपूर सोडून चांद्याकडे निघालं की 'भैताड' आणि 'बह्याड' हे दोन शब्द हवेतच असतात. ते इतक्या मायेनं उच्चारले जातात, की ऐकणाऱ्याला आपला अपमान झाला की विचारपूस झाली हे लवकर कळत नाही.

इतकं वैभव असूनही एका जागी आपली पंचाईत होते. इंग्रजीत 'फॉली' नावाचा एक शब्द आहे. शब्दकोश त्याचा अर्थ 'मूर्खपणा, वेडेपणा' असा देतो आणि हात झटकून पुढच्या शब्दाकडे वळतो. पण 'फॉली' म्हणजे नुसता मूर्खपणा नव्हे. हा सुटाबुटातला मूर्खपणा. दूध उतू घालवणाऱ्या गड्याला साहेब 'फूल' म्हणेल. त्याच्या हातून 'फॉली' घडली असं तो म्हणायचा नाही. फॉली करायला ऐपत लागते. ती राजाच्या हातून घडते, सेनापतीच्या हातून घडते, प्रधानमंडळाच्या हातून घडते, आणि घडून गेल्यावर तिच्यावर जाड पुठ्ठ्याची पुस्तकं निघतात. आमचा ठोंब्या बिचारा ठोंब्या म्हणूनच मरतो. त्याच्यावर कोण पुस्तक लिहिणार?

या शब्दाचं कूळ मात्र त्याच्या सुटाला शोभणारं नाही. 'फूल' आणि 'फॉली' ही दोन्ही भावंडं फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या 'फॉलिस' या शब्दापर्यंत जातात, आणि 'फॉलिस' म्हणजे लोहाराचा भाता! भाता फुगतो, आवाज करतो, आणि आत पाहावं तर नुसती हवा. सभा-समारंभांना नित्यनेमानं हजेरी लावणाऱ्या कुणालाही ही व्युत्पत्ती दोनदा समजावून सांगावी लागणार नाही.

आता या शब्दाचा दुसरा अर्थ पाहा. आपल्या कथेला तोच लागणार आहे. इंग्रजीत एखाद्या इमारतीलाही 'फॉली' म्हणतात. भरपूर पैसा ओतून उभारलेली आणि कुणाच्याही कसल्याही उपयोगाची नसलेली इमारत म्हणजे फॉली. इंग्लंडातल्या उमरावांना एके काळी याचा भारी नाद होता. बागेत नवंकोरं पडकं देऊळ बांधायचं, टेकडीवर नुसताच बुरूज उभा करायचा. आपल्याकडे पडकी देवळं आयती मिळत असल्यामुळे तो खर्च कुणाला सुचला नाही. लॉर्ड बर्नर्स नावाच्या गृहस्थांनी तर 1935 साली फॅरिंग्डन गावाजवळ शंभर फुटी मनोरा बांधला आणि त्यावर पाटी लावली. आशय असा, की या मनोऱ्यावरून आत्महत्या करू इच्छिणाऱ्यांनी ती स्वतःच्या जबाबदारीवर करावी. निरुपयोगी वास्तूचा एवढा तरी उपयोग व्हावा, ही कळकळ त्यात दिसते.

स्कॉटलंडमधल्या ओबान गावच्या जॉन स्टुअर्ट मकेग या सावकाराची गोष्ट आपल्याला आणखी जवळची आहे. या बँकवाल्यानं 1897 साली गावावरच्या टेकडीवर रोमच्या रंगमंडलासारखी प्रचंड गोल भिंत बांधायला घेतली. गावच्या गवंड्यांना हिवाळ्यात काम मिळावं आणि आपल्या घराण्याचं नाव राहावं, असे दोन हेतू. आत स्वतःचे आणि कुटुंबियांचे पुतळे बसवायचे होते. पण 1902 साली मकेग वारले. पुतळ्यांसाठी मृत्युपत्रात पैसा ठेवला होता, तरी वारस कोर्टात गेले, आणि यातून कुणाचंच हित होत नाही म्हणून कोर्टानं ती तरतूद रद्द केली. भिंत आहे, पुतळे नाहीत. लोक तिला आजही 'मकेगची फॉली' म्हणतात.

आता ओबानहून थेट चांद्याला या. म्हणजे आजच्या चंद्रपुरात.

जुन्या चांद्याच्या तटाबाहेर, लालपेठेच्या बाजूला उघड्यावर प्रचंड दगडी मूर्ती पडल्या आहेत. 'पडल्या आहेत' हेच क्रियापद बरोबर. त्या कधी उभ्या राहिल्याच नाहीत. एकेक मूर्ती एकेका अखंड शिळेतली. गणपती आहे, हनुमान आहे, नंदी आहे, मासा आहे, कासव आहे. सगळ्यांत मोठी दशमुखी दुर्गा. वीस फुटांहून अधिक लांबीची शिळा, तीही आडवी, आकाशाकडे दहा तोंडं करून. दहा तोंडं मोजल्यावर गावच्या लोकांनी साहजिकच तिला रावण ठरवलं, आणि कितीतरी काळ ती बाई रावण म्हणूनच नांदली. एवढ्या खर्चानं देवी घडवावी आणि लोकांनी तिला दैत्य म्हणावं! कलावंताच्या वाट्याला येणाऱ्या समीक्षेचा इतका जुना दाखला दुसरीकडे सापडणं कठीण.

या मूर्ती घडवून घेतल्या रायप्पा नावाच्या कोमट्यानं. कोमटी म्हणजे तेलंगी मुलखातला व्यापारी. हे गृहस्थ गोंड राजांच्या अमदानीत चांद्याला गब्बर झाले होते. शंकराचं एक अफाट देवालय बांधावं असं त्यांच्या मनानं घेतलं. शहाणा माणूस आधी पाया खणतो, मग भिंती घालतो, आणि देव शेवटी आणतो. रायप्पांनी आधी देव करून घेतले. देव तयार होत आले, देवळाचा पत्ता नव्हता, आणि अशात रायप्पा देवाघरी गेले. म्हणजे त्यांचीच सोय आधी झाली.

रायप्पा आणि मकेग यांची गाठ पडायला हवी होती, असं मला फार वाटतं. एकाकडे मूर्ती आहेत, देऊळ नाही. दुसऱ्याकडे भिंत आहे, मूर्ती नाहीत. दोघेही पक्के व्यापारी. अर्ध्या तासात सौदा झाला असता.

पण गंमत पुढेच आहे. ओबानच्या लोकांनी आपल्या सावकाराच्या अर्धवट कामाला नाव दिलं 'फॉली'. चांद्याच्या लोकांनी आपल्या सावकाराच्या अर्धवट कामाला काय नाव दिलं? 'अपूर्ण देवालय'. आजही ती जागा याच नावानं ओळखली जाते. तसं पाहिलं तर तिथे देवालयाचा दगडावर दगड चढलेला नाही. त्याला 'अपूर्ण' म्हणणं म्हणजे लग्न न झालेल्या माणसाला 'अपूर्ण सासरा' म्हणण्यासारखं आहे. तरीही नाव पडलं ते हे. इंग्रजी शब्द म्हणतो, यानं करायला नको होतं. मराठी शब्द म्हणतो, याचं राहून गेलं. ज्या मुलखात जाता येता 'भैताड' म्हणतात, त्या मुलखानं आपल्या सगळ्यांत मोठ्या भैताडाला भैताड म्हटलं नाही, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

याचं कारण चांद्याच्या जन्मकथेत असावं. मेजर ल्युसी स्मिथ या सेटलमेंटच्या साहेबानं 1869 च्या सुमारास ती दंतकथा टिपून ठेवली. (नाव ल्युसी असलं तरी साहेब मिशीवाल्यांतलेच.) खांडक्या बल्लाळशहा हा बल्लारपूरचा गोंड राजा अंगावरच्या गाठींनी पीडला होता. शिकारीला गेला असता झरपट नदीच्या पात्रातल्या एका खळग्यातलं पाणी त्यानं अंगाला लावलं आणि तो बरा झाला. पुढे तिथेच फिरताना त्याला दिसलं, की एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला आहे. कुत्रं पुढे, ससा मागे! घरी येऊन त्यानं राणीला सांगितलं. एरवी कुठलीही बायको असली हकीकत ऐकल्यावर 'उन्हातून आलात, जरा पडा' म्हणाली असती. राणी म्हणाली, ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेवर तट घाला आणि आत नगर वसवा.

आता सांगा, नगररचनेचा हा आराखडा आज एखाद्या कचेरीत सादर केला तर साहेब काय शेरा मारतील? पण तट झाला. पिढ्यान्‌पिढ्या काम चाललं. सुमारे 11 किलोमीटरचा घेर, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर असे दरवाजे, आत नांदतं शहर. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांना तोफा लावून तो फोडावा लागला, एवढा तो मजबूत होता. सशाच्या मागे लागून बांधलेल्या तटाला कुणी फॉली म्हटलं नाही, कारण तो पुरा झाला. रायप्पाला आयुष्याची आणखी वीस वर्षं मिळती, तर आज आपण तिकीट काढून त्याच्या देवळात शिरलो असतो आणि पूर्वजांच्या दूरदृष्टीवर शाळेच्या सहलीत भाषणं ऐकली असती.

तर मग फॉली म्हणजे नुसतं अपुरं राहिलेलं धाडस, एवढंच का? अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांनी 1867 साली रशियाकडून बहात्तर लाख डॉलरना अलास्का विकत घेतला, तेव्हा टीकाकारांनी त्या बर्फाला 'सेवर्डची फॉली' म्हटलं. पुढे तिथे सोनं निघालं, तेल निघालं, आणि तो शब्द बोलणाऱ्यांच्याच घरी परत गेला. हिशेब असा सरळ असता तर निबंध इथेच संपवता आला असता. पण चांद्याच्या जुन्या जिल्ह्यातच दुसरी एक अपूर्ण गोष्ट आहे, आणि ती या हिशेबात बसत नाही.

त्यासाठी दक्षिणेकडे सिरोंच्याला जावं लागतं. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून सिरोंचा गडचिरोलीत आहे. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि पुढे इंद्रावती येते. नकाशावर पाहिलं तर निळ्या शाईची अशी उधळण, की कुठल्याही इंजिनियराच्या तोंडाला पाणी सुटावं.

ते सुटलं सर आर्थर कॉटन यांच्या. हा माणूस साधा नव्हे. गोदावरीच्या मुखाकडे दौलेश्वरमचा बंधारा 1852 साली पुरा करून त्यानं दुष्काळी मुलूख भातानं भरून टाकला. त्या भागातले शेतकरी आजही त्याला देवासारखा मानतात आणि गावोगाव त्याचे पुतळे आहेत. रेल्वेपेक्षा पाण्यावरची वाहतूक स्वस्त, हा त्याचा जन्मभराचा आग्रह. तेव्हा समुद्रापासून गोदावरीतून वर यायचं, प्राणहितेत शिरायचं, आणि वर्धेच्या काठचा कापूस होड्यांत भरून समुद्राकडे न्यायचा, अशी योजना ठरली. कापसासाठी कॉटनसाहेब! नावातच शकुन झाला होता.

नदीत तीन ठिकाणी खडकांची रांग आडवी येते. पहिली दुम्मागुडेमला, दुसरी सिरोंच्याच्या खाली इंचमपल्लीला, तिसरी प्राणहितेवर अहेरी भागात देवलमारीला. त्यांना बगल देणारे कालवे आणि होड्या चढवणारे-उतरवणारे दरवाजे बांधायचे होते. काम हेग नावाच्या लष्करी इंजिनियराकडे होतं. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस आटला. मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी गोदावरी! विलायतेतल्या गिरणीवाल्यांनी तगादा लावला आणि सिरोंच्याच्या जंगलात मजूर, गवंडी, ओव्हरसियर आणि हिवताप असे सगळे एकदम गोळा झाले.

नदीचा स्वभाव मात्र कुणी लपवून ठेवलेला नव्हता. आषाढ-श्रावणात ती दुथडी भरून झाडं वाहून नेते, आणि चैत्रात तिच्या पात्रातून शेळ्या पायी जातात. तिच्या काठी राहणाऱ्या कुठल्याही माडिया-गोंडाला, ढिवराला हे ठाऊक असतं, आणि ते सांगायला तो पगार मागत नाही. नाव चालायला पाणी लागतं, फार नको. आणि ही नदी वर्षातले काही महिने फार देते, काही महिने मुळीच देत नाही. 1865 ला अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचे भाव पडले. 1867 साली रेल्वे नागपुरात शिटी वाजवत शिरली आणि कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. तरीही नदीत खर्च चालूच! शेवटी 1871 च्या ऑक्टोबरात काम बंद केलं, तोवर सात लाख पौंडांच्या घरात, म्हणजे त्या काळचे सत्तर लाख रुपये, पाण्यात गेले होते. 'पाण्यात गेले' हा वाक्प्रचार इतका शब्दशः क्वचितच खरा झाला असेल. दुम्मागुडेमचा बंधारा तेवढा पुढे शेतीच्या कामी आला. वरच्या दोन अडथळ्यांपाशी नदी होती तशीच राहिली.

आता प्रश्न असा, की याला कागदोपत्री काय म्हटलं? ज्या साहेबाच्या भाषेत 'फॉली' हा इतका नेमका, इतका तयार शब्द होता, त्यानं इथे तो वापरला का? छे! सरकारी लिखाणात योजना 'सोडून दिली' जाते. भात्यातली हवा गेली असं कुठलंच सरकार लिहीत नाही. मकेगच्या भिंतीवर जो शब्द कायमचा चिकटला, तो सत्तर लाखांच्या कालव्याला शिवलासुद्धा नाही.

इथे मला आपल्या दोन्ही शब्दांचा नीट निवाडा करावासा वाटतो. रायप्पानं पैसा घातला तो स्वतःच्या गाठीचा. पाथरवटांना मजुरी मिळाली, देव घडले, आणि स्वप्न मोडलं ते एकट्या रायप्पाचं. त्याच्या कामाला 'अपूर्ण' म्हणण्यात लोकांची माया आहे आणि न्यायही आहे. नदीतल्या कालव्यांचे सत्तर लाख आले सरकारी खजिन्यातून, आणि खजिना भरला होता शेतसाऱ्यानं. तो भरणाऱ्या रयतेला, बाबांनो, तुमच्या पैशांनी नदीत होड्या चालवू का, असं कुणी विचारलं नव्हतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतात ते हेच. तिथे 'अपूर्ण' म्हणून डोळे पुसत बसणं काही खरं नाही. तिथे साहेबाला त्याचाच शब्द परत करावा.

बार्बरा टकमन या अमेरिकन बाईंनी 1984 साली राज्यकर्त्यांच्या फॉलीवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी तीन कसोट्या लावल्या. ते धोरण घातक आहे हे त्या काळीच दिसत असलं पाहिजे, मागाहून नव्हे. दुसरा चांगला मार्ग उपलब्ध असला पाहिजे. आणि ते एकट्यादुकट्याचं नसून मंडळीचं काम असलं पाहिजे. तिसऱ्या कसोटीवर रायप्पा बाइज्जत सुटतो. तो एकटाच होता. कालवेवाली मंडळी मात्र अडकतात. नदी समोर होती, रेल्वे दाराशी आली होती, आणि फायलीवर सह्या अनेकांच्या होत्या. आपल्याकडे या प्रकाराला 'तुघलकी कारभार' म्हणतात. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी आपल्या देवगिरीला हलवली, तेव्हापासून तो शब्द आपल्या ओळखीचा आहे. पण तुघलक एकटाच बदनाम झाला. त्याच्या 'जी हुजूर' म्हणणाऱ्या दरबाराचं नाव त्या शब्दात कुठेच नाही. फॉलीचा मोठा भाग नेहमी या 'जी हुजूर'मध्येच असतो.

ही सगळी जुनी गोष्ट आहे म्हणून हसता येतं, असं मात्र समजू नका. सिरोंच्याजवळ गोदावरीवर तेलंगण सरकारनं मेडीगड्ड्याचा प्रचंड बॅरेज बांधला. 2019 च्या जूनमध्ये त्याचं थाटात उद्घाटन झालं आणि 2023 च्या ऑक्टोबरात त्याचे काही खांब खचले. एक काठ तिकडचा, एक काठ आपला. फुगवट्याचं आणि पुराचं पाणी शेतात शिरतं म्हणून सिरोंचा तालुक्यातले शेतकरी ओरडत आले आहेत. त्या बॅरेजला कोणता शब्द लावायचा याचा खल अजून चालू आहे, आणि तो माझ्यासारख्या निबंधवाल्यानं लावण्याची गरज नाही. ज्यांच्या वावरात पाणी शिरतं, त्यांना शब्दकोश उघडावा लागत नाही. त्यांच्या बोलीत तो शब्द आहे.

लालपेठेच्या मूर्ती आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. लोक तिथे जातात, हळद-कुंकू वाहतात, नारळ फोडतात. दशमुखी दुर्गेला आता रावण म्हणणारे कमी झाले आहेत. छप्पर नाही, गाभारा नाही, कळस नाही, तरी देव आपल्या जागी आहेत आणि भक्त त्यांच्या. हे पाहिलं म्हणजे वाटतं, रायप्पाचं काम उलट्या क्रमानं झालं खरं, पण त्यातलं जे अत्यावश्यक होतं ते त्यानं आधी उरकलं होतं. वरच्या कालव्यांची पूजा करायला मात्र आजवर कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.